क्लिप लावलेली पानं

"ह्यांना गोष्टीची पुस्तकं वाचायला देऊ नकोस हं," सासूबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. कपड्यांच्या घड्या घालता घालता, मान वर न करता. "पेपर दे, बिघडलेला पंखा दे, काय वाट्टेल ते दे. गोष्ट देऊ नकोस. ह्यांना सोसत नाही."

धाकटी हसली होती. धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. थोरली परगावी असते, त्यामुळे घरात सून एकच, पण नाव पडलं ते पडलंच. हसायचं कारण असं की, ज्या माणसाला गोष्ट सोसत नाही असं सासूबाई म्हणत होत्या, त्या नानांनी उभी नोकरी लिफ्ट तपासण्यात काढली होती. उंच इमारतींच्या पोटातल्या त्या काळ्याकुट्ट पोकळीत उतरायचं, बॅटरीच्या उजेडात दोर कुठे झिजलाय, ब्रेक उशिरा लागतो का, दार नीट बसतं का, हे हुडकायचं, आणि मग शिक्का मारायचा : वापरास योग्य. असला माणूस छापलेल्या गोष्टीला भिणार?

"माई, तुमचं आपलं काहीतरीच," ती म्हणाली, आणि विषय संपला. निदान तिच्यापुरता.

ही वेळ मुळात आली ढब्बूमुळे. ढब्बू म्हणजे तिचा मुलगा. वर्षाचा व्हायला आला होता, अंगाने नावाला शोभेल असा. तो व्हायच्या आधी धाकटी कादंबऱ्यांचा फडशा पाडायची. बसमध्ये, जेवताना, दात घासताना. बाळंतपणानंतर मोठ्या हौसेने तिने पहिली कादंबरी उघडली, तर तिसऱ्याच प्रकरणात एका तान्ह्या मुलीला ताप चढला. धाकटीने ढब्बूच्या कपाळाला इतक्यांदा हात लावून बघितला की शांत झोपलेलं पोर जागं होऊन घर डोक्यावर घेऊ लागलं. दुसऱ्या कादंबरीत बाजारात मूल हरवलं. ते पुस्तक तिने कपाटात चादरींच्या खाली कोंबलं, वर दोन उशा ठेवल्या, तरी ते तिथून आपल्याकडे बघतंय असं तिला वाटत राहिलं.

"अगं, खोटं असतं ते," नवरा म्हणाला.

"मला माहितीय खोटं असतं ते!"

"मग?"

"मग काय मग! तू गप बस."

वाचलं की जीव घाबरा, नाही वाचलं की जीव वैतागलेला. त्यात नोकरी चष्म्याच्या दुकानात, डोळे तपासायची. दिवसभर लोकांना 'खालची ओळ वाचा, आता त्याच्या खालची वाचा' म्हणायचं आणि स्वतःला एक ओळ धड वाचता येऊ नये, हा काय न्याय झाला?

आणि त्याच दुकानात दर शनिवारी दुपारी शटर अर्धं ओढून वाचनकट्टा भरायचा. दुकानाच्या मालकीणबाई, शेजारच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई, समोरच्या बँकेतली एक जण आणि धाकटी. सगळ्या मिळून एकच कादंबरी घ्यायच्या, प्रती दोनच, त्या हातोहात फिरायच्या. कोण कुठल्या पानावर असेल त्याचा नेम नसायचा, म्हणून नियम ठरलेला : पुस्तकात काय झालं ते सांगायचं नाही, वाचून तुमचं काय झालं तेवढं सांगायचं. कुणी म्हणायचं, मी नवऱ्याशी दोन दिवस बोलले नाही. कुणी म्हणायचं, मी उठून जुना फोटो शोधला. ढब्बू झाल्यापासून धाकटी तिथे नुसती बसून राहायची. सगळ्या डोळे पुसतायत आणि ही बिस्किटं मोडतेय.

तेव्हा तिला नाना सुचले.

"नाना, तुम्ही आधी वाचायचं," तिने सांगितलं. "लहान मुलाला काही होतंय असं दिसलं की ती पानं बंद करून टाकायची. त्यात काय झालं ते मला दोन वाक्यांत सांगायचं. मी बाकीचं वाचीन."

"म्हणजे तपासणी," नाना म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदा कामाचं तेज आलं. दुसऱ्याच दिवशी ते काळ्या रंगाच्या मोठ्या क्लिपांचा डबा घेऊन आले, कचेऱ्यांत कागदांच्या गठ्ठ्यांना लावतात तसल्या.

आणि काय सांगावं, ते जमलं. नाना सकाळी खुर्चीत बसून वाचायचे, हातात पेन्सिल, कपाळाला आठ्या. दुपारी धाकटी अर्ध्या दिवसाची नोकरी करून आली की पुस्तक तिच्या हातात द्यायचे. कधी एक क्लिप, कधी दोन. "इथे पोराला कावीळ होते. बरा होतो. पुढे जा." "इथे मुलगी खिडकीतून पडते. पायावर निभावतं. पुढे जा." "इथे काही नाही, पण भाषा घाण आहे." धाकटी क्लिपेवरून उडी मारून पलीकडे जायची, जशी रस्त्यावरच्या खड्ड्यावरून जावी. पुस्तक पुढे देताना क्लिपा काढून डब्यात टाकायची. तिला झोप लागायला लागली. ढब्बूच्या कपाळाला उगाच हात लावणं थांबलं. कट्ट्यावर तिलाही तोंड फुटलं.

वैताग आला तो भलत्याच बाजूने.

रोजचा त्रास बादल्यांचा. न्हाणीघरात गेलं की बादली पालथी. भरून ठेवावी, जरा वळून यावं, तर पुन्हा पालथी, पाणी सगळं वाहून गेलेलं. टबही पालथा, तांब्याही पालथा. "माई, बादली तुम्ही ओतलीत?" "मी कशाला ओतू? पाणी काय वर आलंय?" खिडक्या त्याच्याही आधीपासून. सगळ्या खिडक्यांच्या कड्यांना तार गुंडाळलेली, वारा घ्यायचा तर पक्कड शोधा. आणि औषधांचा डबा इतक्या उंच ठेवलेला की सासूबाईंना रोजची गोळी घ्यायला स्टुलावर चढावं लागे. "पोराचा जीव वाचेल, माझा जाईल," असं त्या स्टुलावरून म्हणायच्या.

हे सगळे उद्योग नानांचे, हे कळायला काही हुशारी लागत नव्हती. लिफ्टवाल्याला घरात लिफ्ट नाही म्हणून घरच तपासायला घेतलंय, असं धाकटीने नवऱ्याला ऐकवलं. नवरा हसला. त्याचं काय जातंय, त्याला कुठे बादली भरायची होती?

पण खरा राग तिला दुसऱ्याच गोष्टीचा होता. नानांनी ढब्बूला उचलणं सोडलं होतं. हे कधी झालं ते तिलाही नेमकं सांगता आलं नसतं. आधी तर पोर दिसलं की खांद्यावर. आता ढब्बू रांगत त्यांच्या पायाशी जाई, दोन्ही हात वर करी, आणि नाना म्हणत, "सूनबाई, ह्याला घे." स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसायचे आणि नुसते बघत राहायचे. डोळ्याची पापणी लववायचे नाहीत.

"हात दुखतात का, नाना?"

"नाही."

"मग?"

"तू आहेस ना. तू घे."

कंटाळले असतील, तिने मनाशी म्हटलं. नातू नवा होता तोवर हौस. आता वजन वाढलं, तसं प्रेम उतरलं. असं म्हटलं खरं, पण जिव्हारी लागलं. सोमवारपासून तिला पूर्ण वेळ कामावर जायचं होतं. सासूबाईंचे गुडघे धड नाहीत, ढब्बूमागे धावायचं त्यांच्याने होत नाही. भिस्त सगळी नानांवर. आणि नाना हात लावायला तयार नाहीत! पाळणाघर शोधायचं तर आता इतक्या घाईत कुठे शोधायचं?

असं तापलेलं डोकं घेऊन ती त्या शनिवारी कट्ट्यावर गेली. त्या महिन्यातली कादंबरी जाडजूड होती, निळ्या पुठ्ठ्याची. एका घराची गोष्ट. नानांनी मध्यावर एक मोठी क्लिप लावली होती, चांगली बोटभर जाड. पुस्तक देताना ते दाराकडे बघत म्हणाले होते, "मुलगा मामाकडे शिकायला जातो. पुढे जा." धाकटी पुढे गेली होती, आणि पुढे तिची चिडचिडच झाली होती.

मालकीणबाईंनी चहा ओतला. "मला विचारू नका," त्या म्हणाल्या. "दोन गिऱ्हाइकं आली, मी हुंदके देतेय. त्यांना वाटलं माझ्या घरी काही झालं. चष्मा न घेताच गेली बिचारी."

"मी काउंटरवर रडले हो," बँकवाली म्हणाली. "समोर एक म्हातारबाबा होते. म्हणाले, राहू द्या मॅडम, मी उद्या येतो."

डॉक्टरीणबाई रडणाऱ्यातल्या नव्हत्या. "मी एक दाढ काढायची पुढे ढकलली," त्या म्हणाल्या. "तो मधला भाग वाचून आले होते. हात बरोबर नव्हता."

मग सगळ्या धाकटीकडे वळल्या.

"खरं सांगू का?" ती म्हणाली. "मला त्या आईचा राग आला. एवढं काय आभाळ कोसळलं? जेवण टाकायचं, खिडकीत बसून राहायचं, नवऱ्याशी अबोला, म्हाताऱ्या सासऱ्याकडे तर बघायचंसुद्धा नाही. नाटकं नुसती. मला तर एकदोनदा हसूच आलं."

चहाचा कप मालकीणबाईंच्या ओठापर्यंत जाऊन तिथेच थांबला.

"हसू आलं?" बँकवाली म्हणाली.

"नाही तर काय. पोरगं सुट्टीत येईलच की घरी."

"कुठून येईल?"

"मामाकडून."

"कुठला मामा?"

"त्या मुलाचा मामा हो! शिकायला नाही का पाठवत त्याच्याकडे?"

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ह्या पुस्तकात मामा नाहीये," त्या म्हणाल्या. "मी दोनदा वाचलंय. काका आहे, आत्या आहे, घोडासुद्धा आहे. मामा नाही."

"असं कसं? मी वाचलंय ना!"

"तू वाचलंस?"

"शब्द न् शब्द. म्हणजे..." धाकटी अडखळली. "क्लिपेतली पानं सोडून."

मग तिला सगळं सांगावं लागलं. नाना, तपासणी, क्लिपांचा डबा. सांगताना तिला वाटलं होतं की त्या हसतील. बँकवाली हसली नाही, उलट भडकली. "म्हणजे इतके महिने आम्ही इथे काळीज काढून ठेवतोय आणि तू सासऱ्यांनी चाळून दिलेलं वाचतेस? अगं, मग आमच्याबरोबर रडलीस ते कशावर?"

"जे वाचलं त्याच्यावर!"

"आणि जे नाही वाचलं त्याच्यावर हसलीस."

"मला काय माहीत? त्यांनी सांगितलं मामाकडे गेला!"

"भांडू नका गं," मालकीणबाई म्हणाल्या. "नियम आहे आपला, काय झालं ते..."

"खड्ड्यात गेला नियम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग धाकटीच्या हातावर हात ठेवून, भूल द्यायच्या आधी पेशंटशी बोलतात तशा आवाजात त्यांनी सांगितलं, "ते पोर हौदात बुडतं, बाळा. मामा-बिमा काही नाही."

धाकटीने पुस्तक पिशवीत टाकलं आणि निघाली. शटर अर्धं आहे हे विसरून तिचं डोकं आपटलं. त्याचाही राग तिने नानांवरच काढायचं ठरवलं.

घरी नाना आपल्या लांबच्या खुर्चीत. ढब्बू सतरंजीवर, सासूबाई त्याच्याजवळ कपड्यांच्या घड्या घालत.

"नाना, तो मुलगा मामाकडेच आहे ना अजून?"

नानांनी तिच्या हातातलं निळं पुस्तक पाहिलं. "हो," ते म्हणाले.

"मग पत्ता द्या की मामाचा. पत्र टाकते. आई तिकडे जेवत नाहीये त्याची, खुशाली तरी कळू दे तिला!"

सासूबाई घड्या घालायच्या थांबल्या.

"कुणी सांगितलं तुला?" नाना म्हणाले.

"सगळ्या जगाने! चार बायकांत माझं हसं झालं. हसं नाही, त्याहून वाईट. एका बाईचं पोर बुडालं आणि मी म्हणतेय सुट्टीत येईल! मी तुम्हाला काय सांगितलं होतं? काय झालं ते दोन वाक्यांत सांगा. खरं सांगा. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"नापास करावं लागलं असतं," नाना म्हणाले.

"काय?"

"अख्खं पुस्तक. आधीच्या पुस्तकांत दुखणं होतं, पडणं होतं, पण पोरं वाचत होती. हे पोर वाचत नाही. तुला खरं सांगितलं असतं तर तू हेही वाचलं नसतंस आणि ह्याच्या पुढचंही नाही. लिफ्ट नापास केली की लोक जिने तरी चढतात. तू घरीच बसली असतीस." ते उठले. "आत्ता कुठे तुझी घडी बसली होती."

आणि गॅलरीत निघून गेले.

भांडायला आलेल्या माणसासमोरून दुसऱ्याने उठून जावं, ह्यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. धाकटी तिथेच खाली बसली, ढब्बूला एका हाताने मांडीवर ओढलं आणि दुसऱ्या हाताने क्लिप काढली. काढताना बोटाला चिमटा बसला.

तिने वाचलं. ढब्बूच्या डोक्यावर हनुवटी ठेवून, त्याचा श्वास मोजल्यासारखा ऐकत. ती पानं वाईट होती. पण पुस्तकात ते जसं होतं तशी कल्पना तिने कधीच केलेली नव्हती. पाण्याचं वर्णन तर जवळजवळ नव्हतंच. होती ती दुपार. घरातली बाकीची माणसं लग्नाची खरेदी करायला गेलेली. अंगणात खुर्ची, खुर्चीत त्या मुलाचा आजोबा. मुलाला त्याच्यावर सोपवलेलं. ऊन, गार सावली, पोटभर जेवण. आजोबाचा डोळा लागतो. लेखकाने त्याची झोप फार मायेने लिहिली होती, कितीतरी ओळी, कशी ती पायापासून वर चढत जाते. मग तो जागा होतो. अंगण रिकामं. तो आधी नातवाला नाही, आपल्या चपला शोधतो. त्या चपला त्याला सापडत नाहीत.

ते वाचून धाकटी थांबली.

नानांच्या चपला गेले काही दिवस घरातसुद्धा त्यांच्या पायातच असायच्या. सासूबाई त्यावरून रोज ओरडायच्या. फरशी पुसली की पुन्हा ठसे.

ती उठून न्हाणीघराच्या दारात जाऊन उभी राहिली. पालथी बादली, पालथा टब, पालथा तांब्या. खिडकीच्या तारा ज्या आठवड्यात आल्या तेव्हा त्या पायावर निभावलेल्या मुलीचं पुस्तक घरात होतं. औषधांचा डबा वर गेला तेव्हा कुठलं होतं? त्याची क्लिप कशाची होती ते तिला आठवेना. उडी मारून पुढे गेली होती ना ती. तिने जे जे ओलांडलं, ते ते नानांनी थांबून, पेन्सिल हातात धरून, ओळ न् ओळ वाचलं होतं. तिची भीती घराबाहेर गेलीच नव्हती, पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसली होती.

"माई," तिने हळूच विचारलं, "नाना झोपतात का हो?"

"कुठे झोपतात. रात्रीचं विचारूच नकोस. दुपारीसुद्धा डोळा मिटू देत नाहीत. पेंग आली की उठून तोंडावर पाणी मारतात. मी म्हटलं डॉक्टरांना दाखवू, तर म्हणतात झोप झाली."

सासूबाई 'मी सांगितलं होतं' असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर परवडलं असतं. त्यामुळे धाकटी जास्तच वैतागली, आणि आता कुणावर वैतागायचं तेही तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई बहिणीकडे गेल्या. नवरा ड्यूटीवर. घरात तिघंच. धाकटीने सतरंजीवर जाडशी गादी टाकली, ढब्बूला त्यावर ठेवलं आणि सांगितलं, "नाना, उद्यापासून मी दिवसभर कामावर. ह्याच्याजवळ तुम्ही बसायचंय."

"पाळणाघर बघ."

"तुम्ही असताना?"

"मी नको, सूनबाई. वय झालं. माझा डोळा लागला तर?"

"लागला तर लागला. घरात पाण्याचा थेंब नाही, खिडकी उघडत नाही, औषधं आभाळात टांगलीत. पोराने मनात आणलं तरी त्याला काही करून घेता येणार नाही. माणसांना राहता येत नाही इतकं सुरक्षित केलंय तुम्ही हे घर!"

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही, तपासणी आहे. ह्या खोलीत काय नापास आहे ते दाखवा."

 चपला घातलेले पाय नानांनी खुर्चीखाली ओढून घेतले, आणि तिथूनच, त्या टोकावरून, ढब्बूवर डोळे रोखून बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. समजावून सांगणं, हातापाया पडणं, रडणं, ह्यातलं काही ह्या माणसावर चालणार नव्हतं. दोरावर जीव टांगून नोकरी केलेला माणूस, तो शब्दांनी थोडाच हलतो?

मग धाकटीला आपली विद्या आठवली. नानांचा नंबर तिनेच काढलेला होता. चष्मा काढला तर हातभर अंतरापलीकडे त्यांना फक्त रंग दिसतात.

"नाना, चष्मा बघू. काडी सैल झालीय, स्क्रू आवळते."

"नंतर."

"लोंबतोय तो. खाली पडला तर काच ह्याच्या तोंडात जाईल."

हे मात्र लागू पडलं. नानांनी झटकन चष्मा काढून दिला. धाकटीने तो घेतला, छोटा पेचकस आणला, स्क्रू काढला, तळहातावर ठेवला आणि तसाच ठेवला.

"झालं?"

"होतंय."

नाना डोळे बारीक करून गादीकडे बघत राहिले. "काय करतोय तो?"

"कोण जाणे. मी कामात आहे."

"अगं, लक्ष दे! मला नीट दिसत नाहीये."

"मग जवळ जा की."

खुर्ची करकरली. नाना उठले, भिंतीला हात लावत लावत आले, गादीच्या कडेला बसले. तिथूनही त्यांचं समाधान होईना, तेव्हा हळूहळू सरकत पोराला हात लागेल इतके जवळ गेले. ढब्बूला काय, खुर्चीतला डोंगर अखेर खाली आला होता. त्याने त्यांच्या सदऱ्याला धरलं, गुडघ्यावर पाय रोवला, आणि धापा टाकत, कुणी उचलायची वाट न बघता, वर चढून त्यांच्या पोटावर आडवा झाला. नानांचे हात जरा वेळ हवेतच राहिले. मग त्याच्या पाठीवर आले.

"चष्मा दे, सूनबाई."

"स्क्रू हरवलाय. शोधते."

ती शोधत राहिली. तिला कट्ट्यावरच्या बायकांना फोन करायचा होता, उद्याचे कपडे इस्त्री करायचे होते, आणि नानांवरचा तिचा राग अजून पुरता गेलेला नव्हता, मामाची गोष्ट ती इतक्यात विसरणार नव्हती. तरी ती हलली नाही. नानांचं डोकं एकदा झुकलं, दचकून वर आलं, पुन्हा झुकलं. तिने नजर वळवली नाही. ढब्बूच्या पाठीवरचे हात जड होत गेले. थोड्या वेळाने घोरणं ऐकू आलं, बारीक, शिट्टीसारखं. ढब्बू त्या आवाजाकडे आश्चर्याने बघत होता.

नाना जागे झाले ते ओरडतच. "चपला! माझ्या चपला..."

"पायातच आहेत. गादीवर चपला घालून झोपलात. माईंना सांगणारेय मी."

"मी झोपलो?"

"घोरतसुद्धा होतात."

"आणि हा? हा कुठेय?"

"हातात काय आहे बघा."

त्यांनी चाचपलं. ढब्बू त्यांच्या सदऱ्याची बाही चोखत होता, कोपरापर्यंत ओली झालेली. नाना कितीतरी वेळ ती ओली बाही नुसती हाताने दाबत बसले. मग म्हणाले, "पण आज तू होतीस. उद्या नसशील."

"उद्या नसेन," धाकटी म्हणाली. "उद्या माई असतील. तुम्हाला पेंग आली की हाक मारायची. त्यांना गुडघे नाहीत, पण आवाज आहे. आणि कादंबऱ्या आता मी आधी वाचणार. क्लिपा मी लावणार, तुमच्यासाठी."

"मला नको कादंबऱ्या."

"मग नका वाचू. डबा तरी माझा."

नानांना उद्याचं अजून पटलेलं नव्हतं. चष्मा घातल्यावर त्यांनी आधी खिडक्यांकडे बघितलं. रात्री बादली पुन्हा पालथी होती. धाकटीने ती भरली नाही, सुलटी करून ठेवली एवढंच, आणि चिडचिड करत झोपायला गेली.

आता तुम्ही जे हे वाचताय, त्या तुमच्याकडे धाकटीचं एक काम आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेल जे तुमच्या आधी फोन उचलतं, तपासणीचा रिपोर्ट तुमच्या आधी वाचतं आणि बाहेर येऊन 'काही विशेष नाही' एवढंच सांगतं. तुम्ही त्यावर विश्वास ठेवून पुढचं पान उलटता. हे हातातलं ठेवा बाजूला. आत्ताच उठा, ते माणूस ज्या खोलीत असेल तिथे जा, आणि त्याचा दुपारी डोळा लागतो का, तेवढं बघून या.